विश्लेषण : जुनी हलकी विमाने अमेरिकेच्या नव्या ‘स्पोर्ट पायलट’ नियमांत बसतात का? उत्तर दडलेय विल्यम पायपर यांच्या आयुष्यात

अमेरिकेत छोटी विमाने उडवण्यासाठीचे ‘स्पोर्ट पायलट’ नियम २२ ऑक्टोबर २०२५ पासून बदलले. वजनाची मर्यादा गेली आणि विमान किती हळू उडू शकते, हा मुख्य निकष झाला. त्यामुळे हँगरमध्ये वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या हजारो जुन्या विमानांच्या मालकांना एकच प्रश्न पडला आहे : आपले विमान या नियमात बसते का? या प्रश्नाचा विचार करताना एक नाव पुन्हा पुन्हा पुढे येते. ते म्हणजे विल्यम टी. पायपर. पिवळ्या रंगाचे ‘पायपर कब’ विमान घडवणाऱ्या कंपनीचे हे मालक १९७० मध्येच निवर्तले. पण त्यांनी १९३० च्या दशकात घेतलेल्या एका निर्णयाचा फायदा आजच्या वैमानिकांना होत आहे.

‘स्पोर्ट पायलट’ म्हणजे काय?

अमेरिकेच्या संघीय हवाई वाहतूक प्रशासनाने (एफएए) हा परवाना २००४ मध्ये सुरू केला. हौसेखातर छोटे विमान उडवणाऱ्यांसाठी तो आहे. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण प्रशिक्षण लागते, तर स्पोर्ट पायलटसाठी किमान २० तास पुरतात. याचे सर्वात मोठे आकर्षण म्हणजे वैद्यकीय तपासणीतील सूट. मोटार चालवण्याचा वैध अमेरिकी परवाना असेल, तर तोच वैद्यकीय पात्रतेचा पुरावा मानला जातो.

मात्र ही सूट सरसकट नाही. एखाद्या वैमानिकाने शेवटचा वैद्यकीय दाखला मागितला आणि तो नाकारला गेला असेल, तर त्याला मोटारीच्या परवान्यावर विमान उडवता येत नाही. प्रकृती ठीक नसेल, तर परवाना असूनही विमान न उडवण्याची जबाबदारी वैमानिकाचीच असते.

सूट मिळते तशी बंधनेही येतात. सोबत एकच प्रवासी नेता येतो. साधारणपणे १० हजार फुटांच्या खालीच उडावे लागते. शिवाय कोणते विमान उडवता येईल, यावरही मर्यादा असते. जुन्या विमानांचा प्रश्न नेमका याच ठिकाणी येतो.

विल्यम पायपर कोण होते?

विल्यम थॉमस पायपर यांचा जन्म ८ जानेवारी १८८१ रोजी न्यू यॉर्क राज्यातील नॅप क्रीक या गावी झाला. किशोरवयातच ते स्पेन-अमेरिका युद्धात सैनिक म्हणून भरती झाले. १९०३ मध्ये त्यांनी हार्वर्डमधून पदवी घेतली. काही वर्षे बांधकाम क्षेत्रात काम केल्यावर ते पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड येथे तेलविहिरींच्या धंद्यात स्थिरावले. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्कराच्या अभियंता दलात कॅप्टन म्हणून काम केले.

म्हणजे पन्नाशी जवळ येईपर्यंत पायपर यांचा विमानांशी काहीही संबंध नव्हता. विमान उडवण्याचे वेड किंवा लहानपणापासूनचे स्वप्न असले काही त्यांच्या बाबतीत सांगता येत नाही. ते तेलाच्या धंद्यातले व्यावसायिक होते आणि विमान व्यवसायात ते जवळपास अपघातानेच ओढले गेले.

विमान व्यवसायात ते कसे आले?

क्लॅरन्स गिल्बर्ट टेलर आणि गॉर्डन टेलर हे दोघे भाऊ छोटी विमाने बनवत असत. १९२८ मध्ये गॉर्डन यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. त्यानंतर गिल्बर्ट यांनी आपला कारखाना ब्रॅडफर्डला आणला. गावात उद्योग यावा म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी पैसे जमवले. त्यात पायपर यांच्या नावाने ४०० डॉलर भरले गेले आणि ते कंपनीच्या संचालक मंडळावर आले.

टेलर यांचे ‘चमी’ हे विमान चांगले होते, पण त्याची किंमत सुमारे ४ हजार डॉलर होती. १९२९ च्या महामंदीत एवढे पैसे कोणाकडे असणार? यापेक्षा स्वस्त आणि साधे विमान हवे, असा आग्रह पायपर यांनी धरला. त्यातून दोन आसनी ‘ई-२’ तयार झाले. सुरुवातीला त्याला ‘टायगर किटन’ नावाचे २० अश्वशक्तीचे इंजिन बसवले होते. ते इतके दुबळे निघाले की विमान धड वर चढेना. पण इंजिनाच्या नावातील वाघाच्या पिल्लावरून विमानाला ‘कब’ म्हणजे बछडा हे नाव मिळाले. इंजिन बदलले, नाव मात्र राहिले.

तोवर कंपनीचे दिवाळे निघाले होते. पायपर यांनी तिची सारी मालमत्ता ७६१ डॉलरमध्ये विकत घेतली. विशेष म्हणजे त्यांनी टेलर यांना बाहेर काढले नाही. कंपनीत अर्धा वाटा देऊन अध्यक्षपदी त्यांनाच ठेवले आणि स्वतः हिशेबाची बाजू सांभाळली. १९३१ मध्ये ३७ अश्वशक्तीच्या काँटिनेंटल इंजिनासह ‘ई-२ कब’ १,३२५ डॉलरला बाजारात आले. ‘चमी’च्या तुलनेत ही किंमत एक तृतीयांश होती.

हे विमान इतके स्वस्त कसे झाले?

पायपर यांचे गणित सरळ होते. विमानातली प्रत्येक जास्तीची वस्तू किंमत वाढवते आणि वजनही. वजन वाढले की मोठे इंजिन लागते, मोठ्या इंजिनाला जास्त इंधन लागते आणि किंमत पुन्हा वाढते. म्हणून जे नसले तरी चालेल, ते काढून टाकायचे.

त्यातून जे विमान घडले, त्याचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि वरचे आवरण कापडाचे होते. आसने दोन, एकामागे एक. बॅटरी नाही, स्टार्टर नाही. इंजिन सुरू करण्यासाठी पंखा हाताने फिरवायचा. इंधन किती उरले हे पाहायला टाकीच्या झाकणातून वर आलेली एक तार असे. टाकीतल्या तरंगत्या बुचाला ती जोडलेली असे. इंधन कमी होईल तशी तार खाली जाई. एकट्याने उडताना वैमानिकाला मागच्या आसनावर बसावे लागे, कारण त्याशिवाय विमानाचा तोल नीट राहत नसे.

पंख मोठे आणि वजन कमी असल्यामुळे हे विमान अतिशय हळू उडू शकत होते. नवशिक्याच्या चुका पोटात घालणारे विमान अशी त्याची ख्याती झाली. उतरताना वेग कमी असेल, तर धावपट्टी छोटी चालते आणि चूक झालीच तर जिवावर बेतण्याची शक्यताही कमी होते.

टेलर आणि पायपर वेगळे का झाले?

टेलर हे आरेखनकार, तर पायपर विक्रेते. दोघांचे फार काळ जमले नाही. टेलर आजारी असताना वॉल्टर जॅमुनो या तरुण अभियंत्याने विमानाचे रूप थोडे बदलले. पंखांची आणि शेपटीची टोके गोलाकार केली. परतल्यावर टेलर यांनी त्याला कामावरून काढले, पायपर यांनी पुन्हा घेतले. अखेर १९३५ च्या अखेरीस टेलर आपला वाटा विकून बाहेर पडले आणि त्यांनी ‘टेलरक्राफ्ट’ ही स्वतंत्र कंपनी काढली.

पायपर यांच्यावर संकटे संपली नव्हती. मार्च १९३७ मध्ये ब्रॅडफर्डच्या कारखान्याला आग लागली. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. त्यांनी पेनसिल्व्हेनियातीलच लॉक हेवन या गावात बंद पडलेली रेशीम गिरणी घेतली आणि सारा कारखाना तिथे हलवला. त्याच वर्षी कंपनीचे नाव ‘पायपर एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन’ झाले. थोड्याच दिवसांत ‘जे-३ कब’ बाजारात आले. पिवळा रंग आणि बाजूला काळी विजेसारखी रेघ ही त्याची ओळख बनली. किंमत १,३०० डॉलरच्या आसपास होती.

युद्धाने ‘कब’ला कसे मोठे केले?

दुसरे महायुद्ध जवळ येत असताना अमेरिकी सरकारने महाविद्यालयीन तरुणांना विमान शिकवण्याची मोठी योजना हाती घेतली. तिच्यात ४ लाखांहून अधिक जणांना प्रशिक्षण मिळाले. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांनी पहिले धडे ‘कब’मध्ये गिरवले. याच विमानाचे लष्करी रूप ‘एल-४’ या नावाने युद्धात उतरले. तोफखान्याला नेम सांगणे, टेहळणी, जखमींची ने-आण अशी कामे त्याने केली. अशी ५ हजारांहून अधिक विमाने बनली. १९४७ पर्यंत ‘जे-३’ मालिकेची एकूण सुमारे २० हजार विमाने तयार झाली.

याच काळात, वयाच्या साठीत, पायपर स्वतः विमान उडवायला शिकले. हजारो लोकांना विमान विकणाऱ्या माणसाने वैमानिकाचा परवाना मिळवला तो नोकरदार निवृत्तीकडे झुकतात त्या वयात. आज स्पोर्ट पायलटच्या सवलतीची सर्वाधिक वाट पाहणारे वैमानिकही साधारण याच वयाचे किंवा त्याहून मोठे आहेत.

युद्धानंतर काय झाले?

युद्धातून परतलेला प्रत्येक वैमानिक स्वतःचे विमान घेईल, असा साऱ्या कंपन्यांचा अंदाज होता. १९४६ मध्ये पायपर कंपनीने ७ हजारांहून अधिक विमाने बनवली. पण १९४७ मध्ये मागणी एकाएकी आटली. विमाने पडून राहिली, शेकडो कामगारांना घरी बसावे लागले. देणेकऱ्यांनी कारभार दुसऱ्याच्या हाती सोपवला आणि पायपर आपल्याच कंपनीत बाजूला पडले.

या पडत्या काळात उरलेले सुटे भाग वापरून आखूड पंखांचे ‘व्हॅगाबाँड’ हे स्वस्त विमान १९४८ मध्ये काढण्यात आले. त्याने कंपनी तगली. पुढे पायपर यांच्या हाती पुन्हा सूत्रे आली. १९४९ मध्ये ‘सुपर कब’, १९५१ मध्ये चार आसनी ‘ट्राय-पेसर’, १९५४ मध्ये दोन इंजिनांचे ‘अपाची’ आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडातील व्हेरो बीच येथे बनणारे ‘चेरोकी’ अशी विमाने आली. १९६९ मध्ये एका बाहेरच्या कंपनीने पायपर कंपनी ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. तो वाद सुरू असतानाच १५ जानेवारी १९७० रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी पायपर यांचे निधन झाले.

२००४ च्या नियमात कोणती जुनी विमाने बसत होती?

त्या नियमात जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचे कमाल वजन, म्हणजे माणसे आणि इंधनासह, १,३२० पौंड (सुमारे ६०० किलो) ठरवले होते. आसने दोनच. चाके न दुमडणारी. सपाट उड्डाणातील कमाल वेग १२० नॉट (ताशी सुमारे २२२ किमी). स्टॉल वेग, म्हणजे ज्या वेगाखाली पंखांना विमान तोलून धरता येत नाही तो वेग, ४५ नॉटपेक्षा (ताशी सुमारे ८३ किमी) जास्त नको.

आता ‘जे-३ कब’ पाहा. कमाल वजन १,२२० पौंड (सुमारे ५५३ किलो). आसने दोन. चाके पक्की. स्टॉल वेग ताशी सुमारे ६१ किमी. सगळ्या अटींमध्ये ते सहज बसले. संकटकाळात जन्मलेले ‘व्हॅगाबाँड’ही बसले. पायपर यांच्यापासून वेगळे झालेल्या टेलर यांच्या कंपनीचे ‘टेलरक्राफ्ट बीसी-१२डी’ १,२०० पौंडांचे. तेही बसले. एरोंका कंपनीचे ‘चॅम्प’ १,२२० पौंडांचे, म्हणून पात्र. भारतातील फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेल्या जुन्या वैमानिकांना आठवत असलेले ‘एचएएल पुष्पक’ याच पिढीतल्या एरोंका ‘चीफ’च्या रचनेवर बेतलेले होते.

पण थोडक्यात हुकलेली विमानेही बरीच होती. ‘सेस्ना १४०’ तितकेच साधे दोन आसनी विमान, पण वजन १,४५० पौंड. म्हणून अपात्र. ‘सुपर कब’ हे ‘कब’चेच थोरले भावंड, तेही वजनामुळे बाहेर. त्यात आणखी एक मेख होती. विमानाने पहिल्या प्रमाणपत्रापासून आजवर सलग या अटी पाळलेल्या असल्या पाहिजेत, असे नियम सांगत होता. ‘अर्कूप’ विमानाचे ‘४१५-सी’ हे रूप पात्र होते, तर १,४०० पौंडांचे ‘४१५-डी’ अपात्र. एखाद्या मालकाने पूर्वी कधी ‘सी’चे ‘डी’ करून घेतले असेल, तर नंतर कागदोपत्री वजन कमी करूनही उपयोग नव्हता. आधीच्या मालकाने ५० वर्षांपूर्वी केलेल्या सहीचा भुर्दंड आजच्या मालकाला बसत होता.

नव्या नियमात काय बदलले?

‘मोझॅक’ या नावाने ओळखला जाणारा नवा नियम जुलै २०२५ मध्ये जाहीर झाला. वैमानिकांसंबंधीचा भाग २२ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. नव्याने बनणाऱ्या विमानांच्या प्रमाणपत्रांचा भाग जुलै २०२६ पासूनचा आहे.

वैमानिकांसाठी आता वजनाची अट उरलेली नाही. मुख्य निकष एकच : फ्लॅप न उघडता विमानाचा स्टॉल वेग ५९ नॉट (ताशी सुमारे १०९ किमी) किंवा त्याहून कमी असावा. आसने चारपर्यंत चालतात, पण सोबत प्रवासी मात्र एकच. दुमडणाऱ्या चाकांचे विमानही वेगळे प्रशिक्षण घेऊन चालवता येते. रात्री उडायचे असेल, तर जादा प्रशिक्षण हवे आणि त्यासाठी नुसता मोटारीचा परवाना पुरत नाही. वैद्यकीय पात्रताही लागते.

यामुळे ‘सेस्ना १४०’, ‘सुपर कब’, ‘ट्राय-पेसर’, ‘चेरोकी १४०’ आणि जगभर प्रशिक्षणासाठी वापरले जाणारे ‘सेस्ना १७२’ यांसारख्या विमानांचे दार स्पोर्ट पायलटसाठी उघडले आहे.

हा बदल तर्काला धरून आहे. नवशिक्याला किंवा वयस्कर वैमानिकाला धोका वजनाचा कमी आणि उतरतानाच्या वेगाचा जास्त असतो. वेग दुप्पट झाला, तर आदळण्याची ऊर्जा चौपट होते. हळू उडणारे विमान हे पायपर यांच्या यशाचे गमक होते. नियमाने तोच निकष आता मुख्य मानला आहे.

मग जुन्या विमानाच्या मालकाने काय तपासावे?

पहिली गोष्ट एककांची. जुन्या विमानांच्या पुस्तिकांमध्ये वेग बहुधा ताशी मैलांत दिलेला असतो. ५९ नॉट म्हणजे ताशी सुमारे ६८ मैल. पुस्तिकेत ६५ आकडा दिसला म्हणून विमान अपात्र समजू नये, कारण ते मैल असू शकतात.

दुसरी गोष्ट, कोणता स्टॉल वेग? अनेक पुस्तिकांत फ्लॅप पूर्ण उघडलेल्या स्थितीचा वेग ठळक दिलेला असतो. तो नेहमी कमी असतो. नियमाला फ्लॅप बंद असतानाचा वेग हवा आहे. तोही वेगमापकावर दिसणारा नव्हे, तर उपकरणातील चूक वजा करून काढलेला.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची आणि तिथेच गल्लत होते. नवा नियम वैमानिकाला मुभा देतो, विमानाचा वर्ग बदलत नाही. १९४६ मध्ये प्रमाणित झालेले ‘कब’ हे आजही प्रमाणित विमानच राहते. त्याची वार्षिक तपासणी, दुरुस्ती आणि सुटे भाग यांचे नियम पूर्वीचेच आहेत. मोटारीच्या परवान्यावर विमान उडवता येते, म्हणून मालकाला घरच्या घरी हवी ती दुरुस्ती करता येत नाही. रात्रीच्या उड्डाणाची मुभाही मूळ ‘कब’ला निरुपयोगी आहे, कारण त्यात वीजच नाही, मग दिवे कुठून येणार?

हे नियम अमेरिकेपुरते आहेत. भारतात वैमानिकांचे परवाने आणि विमानांचे वर्ग नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) ठरवते.

पायपर यांचे आज काय उरले आहे?

लॉक हेवनचा कारखाना १९७२ च्या महापुरात बुडाला आणि १९८० च्या दशकात कंपनीने ते गाव सोडले. गावातील विमानतळाला आता विल्यम टी. पायपर यांचे नाव आहे. दरवर्षी जूनमध्ये देशभरातून जुनी पायपर विमाने तिथे उडत येतात. त्यातली बरीचशी त्यांच्या वैमानिकांपेक्षाही वयाने मोठी आहेत.

अशी विमाने टिकतात ती कोणीतरी उडवत राहिले तरच. मालकाचा वैद्यकीय दाखला संपला की विमान हँगरमध्ये जाते. कापड कुजते, नळ्या गंजतात आणि काही वर्षांत ते भंगार होते. २००४ च्या नियमाने ‘कब’ला यातून वाचवले. आता ती संधी ‘सुपर कब’, ‘ट्राय-पेसर’ आणि ‘चेरोकी’लाही मिळाली आहे. साठीत उडायला शिकलेल्या पायपर यांच्या कारखान्यातील विमानांना साठी-सत्तरीतले वैमानिकच पुन्हा हवेत नेत आहेत.